तोफखान्यातले मेजर आणि तीन मिनिटांचा आवाज: स्मृतिभ्रंशाच्या लवकर निदानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या कुणालाही गाव 'मेजर' म्हणतं, मग तो शिपाई म्हणून परतलेला असो की सुभेदार. या प्रकरणातले मेजर तोफखान्यातले हवालदार होते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम, आम्ही घेतलेले निर्णय आणि आमच्या चुका मात्र जशा घडल्या तशाच लिहिल्या आहेत.

मेजरांचं वय ७१, शिक्षण नववी. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये ट्रेनिंग, मग २४ वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी १०५ आणि १३० मिलिमीटरच्या तोफांवर. निवृत्तीनंतर गळ्यात माळ घातली, मटण सोडलं, वारी धरली. तीन एकर बागायत, दोन म्हशी. मुलगा चिंचवडला नोकरीला, मुलगी कोरेगावकडे दिलेली. घरात ते आणि काकू, दोघंच. बारा वर्षांपासून साखर, त्याची मेटफॉर्मिनची गोळी, आणि जोडीला रक्तदाब.

मी एका धर्मादाय रुग्णालयात वृद्धांच्या तपासणीचं काम बघते. आमच्या रुग्णालयाने एका अभियांत्रिकी महाविद्यालयाबरोबर छोटा उपक्रम हाती घेतला होता. माजी सैनिकांच्या मेळाव्यात प्रत्येकाचा तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करायचा, मशीन लर्निंगच्या मॉडेलने (आवाजांच्या नमुन्यांवरून शिकलेल्या संगणकीय प्रणालीने) तो तपासायचा, आणि ज्यांच्या बोलण्यात स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची लक्षणं दिसतील त्यांना पुढच्या तपासणीला बोलवायचं.

माजी सैनिकच का, हा प्रश्न आम्हाला बऱ्याच जणांनी विचारला. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या नोंदींवर मोठे अभ्यास झाले आहेत. २०१०च्या एका अभ्यासात १,८१,०९३ माजी सैनिकांचा सुमारे सात वर्षं मागोवा घेतला. तीव्र मानसिक आघातानंतरचा विकार (पीटीएसडी) असलेल्यांपैकी १०.६ टक्क्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, तो विकार नसलेल्यांपैकी ६.६ टक्क्यांना. २०१८च्या अभ्यासात साडेतीन लाखांहून जास्त माजी सैनिकांच्या नोंदी होत्या. डोक्याला सौम्य मार लागलेल्यांमध्ये, शुद्ध हरपली नसली तरी, धोका दुपटीहून जास्त दिसला. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांकडे कित्येक दशकांच्या संगणकीय नोंदी आहेत. डॉक्टरांनी लिहिलेल्या टिपणांमधून स्मृतिभ्रंशाच्या खुणा शोधणारी मॉडेलं त्यामुळे तिथे तयार होऊ शकतात.

आमच्या मेजरांच्या नोंदी प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. फौजेतला एक जुना कागद, पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठ्या, गावातल्या डॉक्टरच्या पाठकोऱ्या कागदावरच्या गोळ्यांच्या याद्या. त्यांतून मॉडेल शिकणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही आवाजाकडे वळलो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणूस बोलताना जास्त थांबतो, वस्तूंची नावं आठवत नाहीत म्हणून 'ते', 'हे', 'तसलं' यांवर वेळ मारून नेतो, तीच वाक्यं पुन्हा म्हणतो. हे सगळं मोजता येतं.

चित्र दाखवून बोलतं करायची पद्धत जुनी आहे. १९७२च्या बोस्टनच्या वाचाघात (मेंदूला इजा होऊन बोलणं बिघडणं) चाचणीतलं एक चित्र जगभर वापरलं जातं. बाई भांडी धुतेय, मोरीतलं पाणी उतू चाललंय, स्टुलावर चढलेला मुलगा बिस्किटं काढतोय. पण ते स्वयंपाकघर अमेरिकेतलं. आम्ही त्याऐवजी आठवडे बाजाराचं चित्र काढून घेतलं, आणि तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

अडचण काय झाली

मेळाव्यात मेजरांचं रेकॉर्डिंग झालं. मॉडेलने त्यांना शून्य ते एकच्या मापावर ०.८१ दिले. आमची सीमारेषा ०.४५ होती; आकडा त्याच्या वर गेला की पुढच्या तपासणीला बोलवायचं.

त्या सीमारेषेबद्दल आधी सांगते, कारण पहिला खरा निर्णय तिथे झाला होता. कुणी सुटू नये म्हणून आम्ही ती मुद्दाम खाली ठेवली. मी आणि दोन अभियंते, तिघांनी मिळून एका दुपारी ठरवून टाकलं. पुढच्या तपासण्यांचा भार कुणावर पडणार आणि विनाकारण घाबरलेल्या घरांचं काय, हे आम्ही नीट मांडलंच नाही. गणित अवघड नव्हतं. साठीपुढच्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के, असा २०२३ मध्ये आलेला राष्ट्रीय अंदाज आहे. समजा हजार जण तपासले, तर त्यांतले ७४ आजारी. मॉडेल शंभरातले ऐंशी आजारी पकडतं आणि शंभरातले ऐंशी निरोगी बरोबर सोडतं असं धरलं, तर ५९ आजारी सापडतील आणि १८५ धडधाकट माणसांनाही धोक्याचा निरोप जाईल. म्हणजे निरोप मिळालेल्या चौघांपैकी तिघांना तो आजार नसणारच. मॉडेलं शिकवताना ही गोष्ट लपून राहते. आवाजावरून निदान करण्याच्या २०२०च्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १५६ जणांचे आवाज होते, निम्मे आजारी आणि निम्मे निरोगी. गावात कुठे निम्मी म्हातारी माणसं आजारी असतात?

मेजरांच्या बाबतीत गणिताच्याही आधी दुसरंच घडलं. फॉर्म मुलाने भरला होता, त्यामुळे मोबाइल नंबर मुलाचा होता. डॉक्टरने बघण्याआधीच आमच्या यंत्रणेतून आपोआप मेसेज गेला: 'स्मृतिभ्रंशाचा धोका: जास्त. तज्ज्ञांना भेटा.'

मुलगा शनिवारी रात्री गावी आला. रविवारी सकाळी त्याने वडिलांचं एटीएम कार्ड मागून घेतलं आणि दुपारी जेवताना सातबाऱ्यावर नावं लावून घेण्याचा विषय काढला. त्याच्या मनात काळं नव्हतं, हे मी त्याला भेटल्यावर खात्रीने सांगू शकते. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडून कुणीतरी सह्या घेतल्याची गोष्ट त्याने ऐकली होती आणि तो घाबरला होता. पण मेजर ताटावरून उठले. "पोराला डाक्टरनी सांगितलंय, बाप येडा झालाय," असं ते शेजाऱ्याला म्हणाले. दोन दिवस पारावर गेले नाहीत. पुढच्या तपासणीचा फोन गेला तेव्हा काकूंनी उचलला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, ते न्हाई म्हनत्यात."

समोरचे पर्याय

मंगळवारी आमची बैठक झाली. माझं मत होतं की आकडा इतका वर आहे तर वेळ घालवू नये, पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावं, एमआरआय करून मोकळं व्हावं. अभियंत्यांचं म्हणणं होतं की मेळाव्यात बाहेर लाउडस्पीकर चालू होता, रेकॉर्डिंग खराब असणार, पुन्हा घेऊ. ते बरोबर आलं तर विषय संपला.

आमच्या पथकातल्या सिस्टर तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आधी त्यांना ऐकू येतं का ते बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. चोवीस वर्षं तोफांजवळ काढलेल्या माणसाची तोंडी चाचणी आम्ही कान न तपासता घेतली होती. मी वृद्धांची डॉक्टर, आणि हे मला सुचलं नाही, याची खंत मला अजून आहे. तोफेच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. शिवाय ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मोठा घटक मानला जातो. म्हणजे बहिरेपणामुळे चाचणीत गोंधळ होतो तो होतोच, आजाराचा धोकाही वाढतो.

त्यानंतर आम्ही ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आकडा बाजूला ठेवून पहिल्यांदाच कानांनी ऐकलं म्हणायला हवं. रेकॉर्डिंग घेणारी मुलगी विचारते, "आजोबा, या चित्रात काय काय चाललंय?" चार सेकंद शांतता. मग मेजर: "काय म्हनालात?" ती पुन्हा विचारते. "हां. बाजार हाय. लंगर लागल्यावानी गर्दी झालीया. ही बाई वांगी... ते हे घेऊन बसलीया, ते... वजन करायचं."

मॉडेलने शांततेचे सगळे सेकंद आजाराच्या खात्यात घातले होते. त्यांतले अर्ध्याहून जास्त प्रश्न ऐकू न आल्याचे होते. आवाजाचं लिखाण करणाऱ्या सॉफ्टवेअरने 'लंगर'च्या जागी 'नंबर' लिहिलं होतं. फौजी माणसाच्या बोलण्यात लंगर (जेवणघर), फॉलिन (रांगेत उभं राहणं), रोल कॉल (हजेरी) हे शब्द मिठासारखे मिसळलेले असतात. मॉडेल मात्र पुण्यातल्या स्मृतिचिकित्सालयात येणाऱ्या शहरी माणसांच्या आवाजांवर शिकलेलं. त्याच्या लेखी 'लागल्यावानी', 'बसलीया' हे शब्दसुद्धा वेगळेच.

म्हणजे खोटा इशारा होता का? अभियंत्यांना तसं वाटलं. मी मात्र शेवटच्या वाक्याशी अडकले. जन्मभर बाजारात गेलेल्या, डेअरीवर रोज दूध घालणाऱ्या माणसाला 'तागडी' शब्द सापडला नाही. तिथे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

सिस्टरांनी सुचवलेला तिसरा मार्ग आम्ही घेतला. घरी जायचं, आधी माफी मागायची, मग बरी होऊ शकणारी कारणं एकेक करून तपासायची.

काय केलं

आम्ही गेलो तेव्हा मेजर गोठ्यात होते. मी माफी मागितली: तुमचा निकाल तुम्हाला सांगायच्या आधी दुसऱ्याकडे गेला, ही आमची चूक. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र ठेवायला सांगितला. मी त्यांच्या उजव्या बाजूला, समोर बसून, सावकाश बोलत होते, आणि त्यांची उत्तरं मेळाव्यापेक्षा कितीतरी नीट येत होती.

काकूंशी सिस्टर स्वयंपाकघरात बोलल्या. नातेवाइकांना विचारायची आठ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. गेल्या काही वर्षांत निर्णय घेण्यात, पैशांच्या व्यवहारात, तारखा लक्षात ठेवण्यात, तेच तेच विचारण्यात बदल झालाय का, असे प्रश्न. दोन किंवा जास्त 'हो' आले तर पुढे तपासावं. काकूंचे चार 'हो' आले. पाण्याची पाळी दोनदा चुकली. डेअरीच्या हिशेबावरून भांडण झालं आणि चूक यांची निघाली. आणि मग त्या म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टला झेंड्याला जाताना मेडलं उजवीकडं लावली वो ह्यांनी. मी काय बोलले न्हाई. शाळेत गेल्यावर एका मेजरनं बदलून दिली."

स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावायची असतात. उजवीकडे लावतात ते गेलेल्या माणसाचे वारस. चोवीस वर्षं ज्याने परेडवर दुसऱ्यांची पदकं तपासली, त्याच्या हातून हे होणं हा साधा विसर नव्हे. कुठलंही मॉडेल हे ऐकणार नव्हतं, कारण त्याला कुणी सांगितलंच नसतं. काकूंना माहीत होतं ऑगस्टपासून.

पिशवीतल्या गोळ्या आम्ही खाटेवर ओतल्या. पायांच्या आगीसाठी रात्रीची अमिट्रिप्टिलिन. सर्दीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या क्लोरफेनिरामिनच्या गोळ्या, 'झोप बी लागती' म्हणून रोज एक. या दोन्ही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूची स्मृती मंदावतात, आणि एकत्र तर जास्तच. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने ते कमी होतं, आणि माळकरी माणसाच्या ताटात मटण, मासे, अंडी नाहीत. दोन्ही कारणं एकाच माणसात. थायरॉइड ठीक होतं.

कानाच्या तपासणीत दोन्ही बाजूंना वरच्या पट्टीचं ऐकणं बरंच गेलेलं दिसलं. श्रवणयंत्रं यायला पाच आठवडे लागले. तोवर स्मृतीची औपचारिक चाचणी घ्यायची नाही, हा निर्णय आम्ही जाणूनबुजून घेतला. मुलाला ते पटत नव्हतं. त्याला लवकर काहीतरी नक्की हवं होतं, आणि त्याची तगमग मला कळत होती. पण न ऐकणाऱ्या माणसाची चाचणी घेऊन कमी गुण त्याच्या कागदावर कायमचे लिहिले, तर ते पुसायला फार कष्ट पडतात.

सर्दीच्या गोळ्या बंद झाल्या. पायांच्या आगीची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बदलली. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. रक्तदाब नियमित घेतला तर वरचा आकडा दीडशेच्या खाली येत नव्हता, त्याचीही गोळी बदलली.

काय निष्पन्न झालं

तीन महिन्यांनी, कानात यंत्रं घालून, स्मृती आणि आकलन तपासणारी मराठीतली मोका चाचणी झाली. ३० पैकी २१ गुण, कमी शिक्षणासाठी मिळणारा एक गुण धरून. वार, महिना, ठिकाण सगळं बरोबर. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, पाच मिनिटांनी एकच आठवला. एमआरआयमध्ये मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचे बदल दिसले, रक्तदाब आणि साखर बरीच वर्षं असलेल्यांत दिसतात तसे. पुण्याच्या तज्ज्ञांचं निदान आलं: सौम्य बौद्धिक क्षीणता. स्मृतिभ्रंश नाही. यातून काही जण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही तिथेच राहतात, काही सुधारतातही.

त्याच महिन्यात आवाज पुन्हा घेतला, या वेळी घरी, शांततेत. ०.५८. सीमारेषेच्या वरच.

मॉडेलने माणूस बरोबर निवडला आणि कारणं बरीचशी चुकीची मोजली, असं मी अभियंत्यांना सांगितलं. त्यांनी हे गांभीर्याने घेतलं. प्रश्न विचारल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची शांतता त्यांनी मोजणीतून वगळली आणि ग्रामीण बोलीतले आवाज गोळा करायला सुरुवात केली.

घरात बदल झाला तो मला जास्त मोलाचा वाटतो. आम्ही निदान आधी मेजरांना सांगितलं, काकू शेजारी बसलेल्या. मुलाला त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं. एटीएम कार्ड परत आलं. पेन्शनच्या खात्यावर काकूंचं नाव जोडलं, ते मेजरांनी बँकेत जाऊन स्वतः सही करून. सातबारा आहे तसाच राहिला. मृत्युपत्र मात्र त्यांनी वकिलाकडे जाऊन केलं आणि त्यात काय लिहिलं ते कुणाला सांगितलं नाही. लवकर कळण्याचा उपयोग मला इथे दिसला. या टप्प्यावर रोग मागे फिरवणारी गोळी माझ्याकडे नव्हती. पण माणूस समजत्या डोक्याने आपल्या जमिनीचा, पैशांचा, उपचारांचा निर्णय स्वतः घेऊ शकला. मुलाचा हेतू चांगला असूनही त्याने त्या रविवारी नेमकं हेच काढून घेतलं होतं, आणि त्याला निमित्त आमचा मेसेज होता.

मुलगा नंतर एकदा म्हणाला, "ताई, मेसेजमध्ये 'धोका' लिहिलं होतं. मला काय करायचं ते कुठं लिहिलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

आधी कान. माजी सैनिकांमध्ये, विशेषतः तोफखाना, रणगाडे, इंजिनिअर्स यांतल्या माणसांत, आवाजाची कुठलीही चाचणी श्रवणतपासणीशिवाय घेऊ नये. मेळाव्यातच एक टेबल कानांचं हवं होतं. खर्च फार नव्हता.

निकाल मेसेजने जाता कामा नये. तो माणसाने माणसाला सांगायचा, आणि कुणाला सांगायचा हे त्या व्यक्तीला फॉर्म भरताना विचारायचं. आमच्या संमतीपत्रात 'कुटुंबाला कळवले जाईल' एवढं एक वाक्य होतं. कुटुंबातलं कोण, हे विचारायला जागाच नव्हती. मेजरांनी काकूंचं नाव लिहिलं असतं, तर तो रविवार वेगळा गेला असता.

काकूंचे आठ प्रश्न आवाजाच्या आधी विचारायला हवे होते. ही प्रश्नावली कागदावर मावते, वीज लागत नाही, आणि या प्रकरणात तिने मॉडेलपेक्षा नेमकी माहिती दिली. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. मेळावा झाला नसता, आकडा आला नसता, तर आम्ही काकूंकडे गेलो नसतो, आणि काकू पदकांबद्दल कुणाशी बोलल्या नसत्या. 'वय झालं' म्हणून गेलं असतं सगळं. यंत्राने दार वाजवलं हे खरं. आत जाऊन काय विचारायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणखी एक बदल आम्ही आता करतो आहोत. मेजरांच्या आवाजाची तुलना पुण्यातल्या अनोळखी माणसांशी करण्यापेक्षा त्यांच्याच गेल्या वर्षीच्या आवाजाशी करायची. नववी शिकलेला सातारी फौजी आणि निवृत्त प्राध्यापक यांच्यात शब्दांचा फरक असणारच, तो आजार नाही. त्याच माणसाचे शब्द वर्षाने कमी झाले तर मात्र थांबून बघायला हवं. याला वेळ लागतो, दरवर्षी त्याच घरी जावं लागतं, आणि उपक्रमांना पैसे देणाऱ्यांना इतका धीर नसतो. सीमारेषा कुठे ठेवायची हे ठरवायच्या बैठकीत आता दोन माजी सैनिक आणि एक सैनिकपत्नी बसतात.

मेजरांचं पुढचं रेकॉर्डिंग वारीनंतर आहे. त्यांनी दोन अटी घातल्या आहेत: निकाल आधी त्यांना सांगायचा, आणि चित्र बदलायचं. बाजाराचं आता पाठ झालंय म्हणाले. सव्वीस जानेवारीला निघताना त्यांनी पदकं हातात धरून काकूंना विचारलं, "कंच्या बाजूला गं?" काकूंनी डाव्या बाजूला बोट लावून दाखवलं, आणि त्यांनी तिथे लावली.